शिलकी तिजोरी आणि निरक्षर रयत

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास गव्हर्नर जनरलच्या कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावरील भाषणे चालू होती. सलग काही वर्षे सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत होती. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश गांजलेला असतानाही जमेची बाजू वरचढ राहिली, याबद्दल अर्थखात्याच्या सभासदाचे अभिनंदन करण्याचा सूर सभागृहात होता. मुंबई इलाख्याचे नवे प्रतिनिधी म्हणून प्रथमच अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी मात्र या अभिनंदनात सामील होण्याचे नाकारले. रयत उपाशी असताना सरकारजवळ पैसा उरतो, याचा अर्थ सरकार गरजेपेक्षा अधिक कर वसूल करीत आहे. अशी शिल्लक सुबत्तेचे लक्षण नसून रयतेवरील अन्यायाचा पुरावा आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

हा मुद्दा केवळ वक्तृत्वाचा नव्हता, त्यामागे साधे गणित होते. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी कोट्यवधी रुपयांची रक्कम पौंडांत विलायतेस पाठवावी लागे. रुपयाचा भाव १८९४-९५च्या सुमारास १३ पेन्सपर्यंत घसरला होता, तेव्हा एका पौंडासाठी जवळजवळ साडेअठरा रुपये मोजावे लागत. ती खोट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले. टांकसाळी त्याआधीच बंद केलेल्या असल्याने रुपयाचा भाव पुढे कृत्रिमरीत्या १६ पेन्सवर गेला आणि तोच पौंड १५ रुपयांत मिळू लागला. खोट गेली; कर मात्र तसेच राहिले. मिठावरचा मणामागे अडीच रुपयांचा कर तर दरिद्री माणसाच्या भाकरीवरच बसलेला होता. सरकार ज्याला आपल्या काटकसरीचे फळ म्हणत होते, ते हुंडणावळीच्या दरातील फरकातून आणि न उतरविलेल्या करांतून आले होते, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर. प्राप्तीवरील कराची सूटमर्यादाही १९०३ साली ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेली. यांतील श्रेय एकट्या गोखल्यांना देता येणार नाही, हे खरे. परंतु मते मोजली तर सरकारी बाकांचा पराभव होणे अशक्य, अशा त्या सभागृहात केवळ युक्तिवादाच्या बळावर अंदाजपत्रकाची दिशा थोडी तरी वळविता येते, हे त्यामुळे दिसले.

असा जमाखर्च मांडणाऱ्या या गृहस्थाला काटकसर पुस्तकांतून शिकावी लागली नव्हती. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात कारकून आणि पुढे फौजदार होते. १८७९ साली ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागलातच दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते गोपाळाच्या शिक्षणासाठी पाठवीत. निम्म्याहून अधिक पगार धाकट्या भावाच्या शाळेसाठी खर्ची घालणारे ते घर होते. १८८१ साली मॅट्रिक, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, थोडे दिवस पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि अखेरीस मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असे करीत ते १८८४ साली बी. ए. झाले. त्या काळच्या पदवीधरापुढे सरकारी नोकरीचा किंवा वकिलीचा मार्ग मोकळा होता. गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर मास्तर झाले, आणि लवकरच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकविण्याच्या करारात त्यांनी स्वतःला बांधून घेतले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, मग इतिहास आणि अर्थशास्त्र शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालत होते. ज्यांना गोखले केवळ नेमस्त पुढारी म्हणून ठाऊक आहेत, त्यांनी हा अंकगणिताचा मास्तर विसरू नये. पुढचे सारे राजकारण त्या मास्तरानेच केले.

त्यांना घडविले ते न्यायमूर्ती रानड्यांनी. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम गोखल्यांकडे देऊन रानड्यांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षे सरकारी अहवाल वाचून घेतले. शेतसारा, मीठ, अबकारी, जंगल, लष्कर असे एकेक खाते घ्यावे, त्याचे आकडे मागील दहा वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाहावेत आणि मगच मत बनवावे, अशी ती शिस्त होती. या शिस्तीचे पहिले मोठे फळ १८९७ साली दिसले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास दक्षिणेतून गोखले गेले. वयाची एकतिशीही तेव्हा पुरी झाली नव्हती. खर्च वाढतो तो मुख्यतः लष्कराचा, ते लष्कर हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेर साम्राज्याच्या कामासाठी वापरले जाते, आणि ज्यांच्या पैशाने हे चालते त्यांना त्या खर्चावर मत देण्याचा अधिकार नाही, असे त्यांचे तेथील प्रतिपादन होते. अधिकार नाही म्हणून खर्च अनिर्बंध, आणि खर्च अनिर्बंध म्हणून शाळेला पैसा नाही, ही साखळी तेव्हापासून त्यांच्या विचारात पक्की झाली.

त्याच वर्षी त्यांच्यावर जो प्रसंग गुदरला, तो नागरिकाची सुरक्षितता म्हणजे काय हे सांगण्यास पुरेसा आहे. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या चालू होत्या. विलायतेत असलेल्या गोखल्यांना पुण्याहून पत्रे गेली, त्यांत सोजिरांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या हकिकती होत्या. त्यांच्या आधारे गोखल्यांनी तेथील वर्तमानपत्रात जाहीरपणे आरोप केला. मध्यंतरी, २२ जून रोजी, रँडवर गोळी झाडली गेली आणि पुण्यातली हवाच बदलली. नातूबंधूंना १८२७च्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी अटकेत टाकण्यात आले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. अशा दिवसांत परतलेल्या गोखल्यांकडे सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी पत्रे लिहिली होती ते पुढे येण्यास धजेनात. त्यांची नावे सांगणे म्हणजे त्यांना पोलिसांच्या तोंडी देणे होते. गोखल्यांनी आरोप सर्वस्वी मागे घेतला, आणि गव्हर्नर, प्लेग कमिटी व सोजीर या सर्वांची बिनशर्त माफी मागितली. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना त्याचे चटके बसले.

माफीचे शब्द गरजेपेक्षा अधिक नमले होते, असे म्हणावे लागेल. सिद्ध करता येत नाही एवढे सांगून थांबता आले असते. तथापि या प्रकरणाची दुसरी बाजू ध्यानात घेतली पाहिजे. ज्या राज्यात साक्षीदाराला संरक्षण नाही, विनाचौकशी कैदेला मुदत नाही आणि घरात घुसणारा शिपाई कोणाला जबाबदार नाही, तेथे खऱ्या आरोपाचाही पुरावा उभा राहू शकत नाही. गोखले परत आले ते प्लेगच्या कामातच शिरले. रोग्यांच्या घरी जाऊन काम करणाऱ्या स्वयंसेवकांत ते होते. परंतु त्यानंतर त्यांच्या भाषणांत एकही विधान आकड्याच्या किंवा कागदाच्या आधारावाचून आलेले आढळत नाही.

वरिष्ठ कायदेकौन्सिलातील पुढची तेरा वर्षे हीच त्यांची खरी कारकीर्द. १९०२ साली त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. १९०५ साली भारत सेवक समाज स्थापून थोडक्या वेतनावर आयुष्य वाहून घेणारे कार्यकर्ते गोळा केले. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. हा सारा तपशील परिचित आहे. कमी परिचित आहे ती लष्करी खर्चावरची त्यांची चिकाटी. दरवर्षी अंदाजपत्रक येई आणि दरवर्षी गोखले त्या एका रकान्यावर बोट ठेवीत. सरकारचे उत्तर ठरलेले असे: वायव्य सरहद्दीवर रशियाचा धोका आहे. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला, १९०७ साली इंग्लंड आणि रशिया यांचा करारही झाला. धोका ओसरला असेल तर त्यासाठी वाढविलेला खर्चही ओसरला पाहिजे, असे गोखल्यांनी बजावले. खर्च फारसा ओसरला नाही.

येथे त्यांचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यांना देशाच्या संरक्षणाची पर्वा नव्हती असा समज होणे अन्यायाचे होईल. सैन्य नको, असे ते कधीच म्हणाले नाहीत. महागडे गोरे सैन्य आणि कायम नोकरीतील मोठी फौज यांऐवजी जपानसारखी अल्प मुदतीची सेवा आणि मोठी राखीव फौज ठेवावी, हिंदी माणसाला सैन्यातील अधिकारपदे खुली करावीत, १८७८च्या शस्त्रांच्या कायद्याने सगळ्या जनतेला निःशस्त्र करून ठेवले आहे ते धोरण बदलावे, अशी त्यांची मागणी होती. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर संरक्षणाचा खर्च अविश्वासामुळे चढला होता. आपल्याच प्रजेवर ज्याचा विश्वास नाही, त्या सरकारला सरहद्दीसाठी एक सैन्य आणि प्रजेसाठी दुसरे सैन्य ठेवावे लागते. १८५७नंतर गोऱ्या आणि काळ्या फौजेचे जे प्रमाण ठरविण्यात आले, त्याची किंमत मिठाच्या पुडीतून वसूल होत होती.

हाच अविश्वास कायद्यांतूनही उतरत होता. लष्करी गुपितांपुरता असलेला कायदा मुलकी कारभारालाही लावणारे विधेयक १९०३-०४ साली आले. गोखल्यांनी त्याला विरोध केला. विद्यापीठांवर सरकारी पकड घट्ट करणाऱ्या १९०४च्या कायद्याला विरोध केला. १९०७ साली लाला लजपतराय यांना १८१८च्या रेग्युलेशनखाली मंडालेस पाठविले गेले, तेव्हा मतभेद बाजूस ठेवून त्यांच्या सुटकेसाठी रदबदली केली, आणि त्याच वर्षी सभाबंदीच्या विधेयकाविरुद्ध सिमल्यास ते बोलले. १९१० साली मात्र हा विरोध लंगडा पडला. छापखान्यांकडून आगाऊ जामीन मागणारा प्रेस अॅक्ट आला, तेव्हा दहशतवादी कृत्यांनी वातावरण तापले होते. कायदा कायमचा न ठेवता मुदतीपुरता ठेवावा, अशी दुरुस्ती गोखल्यांनी सुचविली, परंतु विधेयकाविरुद्ध मत दिले नाही. पंडित मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू यांनी ते दिले. गोखल्यांच्या चरित्रातील हे पान त्यांच्या चाहत्यांनाही अवघड वाटावे. तो कायदा रद्द व्हावयास १९२२ साल उजाडले.

त्याच १९१०च्या मार्चमध्ये त्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. अमेरिकेत सरकार प्राथमिक शिक्षणावर दरडोई १६ शिलिंग खर्च करते, इंग्लंड-वेल्समध्ये १०, मागासलेल्या म्हणून गणलेल्या रशियातही साडेसात पेन्स, आणि हिंदुस्थानात जेमतेम १ पेनी, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले, ठराव मागे घेतला गेला. मग १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी स्वतःच विधेयक आणले. त्या वर्षीच्या खानेसुमारीत ब्रिटिश अमलाखालील देशात शंभरांत सहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते; स्त्रियांत ते प्रमाण शंभरास एक होते.

विधेयक किती जपून रचलेले होते ते पाहण्यासारखे आहे. सक्ती सर्व देशभर नव्हती. ज्या नगरपालिकेस किंवा लोकलबोर्डास हवी असेल तिने ती लागू करावयाची. तीही प्रांतिक सरकारच्या परवानगीने. तीही मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जात असेल अशाच भागात. वय फक्त ६ ते १०. प्रथम मुलगे, मुली मागाहून. ज्याचे उत्पन्न महिना १० रुपयांहून अधिक नाही, अशा पालकाला फी माफ. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेचा, दोन तृतीयांश सरकारचा. इंग्लंडने १८७० साली जो मार्ग धरला आणि वीस-एकवीस वर्षांत सार्वत्रिक मोफत शिक्षणापर्यंत नेला, त्याचीच ही सावध नक्कल होती. पैसा कोठून आणावा हेही त्यांनी सांगितले होते. मुलामागे वर्षाला ५ रुपये धरले तर वाढीव खर्च साडेचार कोटींच्या घरात जातो. त्यातील सरकारचा वाटा ३ कोटी, तोही एकदम नव्हे, दहा वर्षांत हळूहळू वाढत जाणारा. आयात जकात ५ टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर नेली तरी एवढी रक्कम उभी राहते. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्ती सुरू केली होती आणि १९०६पासून ती सबंध राज्यात लागू केली होती. एका हिंदी संस्थानाला जे झेपते ते ब्रिटिश सरकारला का झेपू नये, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

मुलींना मागे ठेवण्याची तडजोड आज खुपते, आणि खुपावयासच हवी. ज्या पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, त्याच पुण्याच्या प्रतिनिधीने साठ-पासष्ट वर्षांनी मुलींसाठी थांबण्याची तयारी दाखविली. सक्तीच्या शिक्षणाची मागणीही मुळात गोखल्यांची नव्हे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे सांगितले होते, आणि सरकारी पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो अशी तक्रारही केली होती. हा खर्च कष्टकरी रयतेच्या घामाचा आहे, हे जोतीरावांनी ओळखले होते. त्याचा रुपये-आणे-पैचा हिशेब कायद्याच्या मसुद्यात बसविण्याचे काम गोखल्यांनी केले. दोघांचा मेळ त्या काळच्या पुण्याने घातला नाही, ही महाराष्ट्राची हानी होय.

विधेयक वर्षभर मतासाठी फिरविण्यात आले. डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात बादशहांच्या नावे लोकशिक्षणासाठी ५० लाखांची देणगी जाहीर झाली. देणगी मिळाली, हक्क मिळाला नाही. १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी विधेयक निवड समितीकडे पाठवावे की नाही यावर चर्चा झाली. प्रांतिक सरकारांची मते प्रतिकूल होती. शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांनी सरकारचा नकार दिला. बिनसरकारी बाकांवरील काही जमीनदारांनाही हे विधेयक रुचले नाही. शिकलेला मुलगा गुरे राखावयास येणार नाही, मजुरी महागेल, नवा कर पडेल, लोक बिथरतील, असे आक्षेप निघाले. गुराख्याच्या अडाणीपणावर शेतीचा नफा अवलंबून आहे, अशी ही कबुलीच होती. मालवीय आणि बॅरिस्टर जिना यांनी विधेयकास पाठिंबा दिला. मते घेतली गेली: बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक समितीपर्यंतही पोहोचले नाही.

हा पराभव होणार हे गोखल्यांना ठाऊक होते. आपली पिढी अपयशातूनच देशाची सेवा करणार, असे मानूनच ते उभे राहिले होते. त्याच महिन्यात त्यांचा आणखी एक ठराव पडला होता. हिंदुस्थानातून वसाहतींत करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत समूळ बंद करावी, असा तो ठराव होता. हे मजूर कोण होते? पाच वर्षांच्या करारपत्रावर अंगठा उठविणारे निरक्षर स्त्री-पुरुष. करारात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. काम सोडले तर तो दिवाणी तंटा न राहता फौजदारी गुन्हा होई. नाताळमध्ये करार संपवून जो स्वतंत्र राहू इच्छील त्याच्यावर, आणि त्याच्या बायकोवरही, दरसाल ३ पौंडांचा कर होता. करारी मजुराचा पहिल्या वर्षाचा पगार महिना १० शिलिंग. म्हणजे सहा महिन्यांची मजुरी केवळ मोकळे राहण्याचा दंड म्हणून द्यावयाची. शाळेचे विधेयक आणि मजुरांचा ठराव ही दोन वेगळी प्रकरणे म्हणून चरित्रकार मांडतात. ज्याला सही करता येत नाही त्याच्या हक्काचे काय होते, या एकाच प्रश्नाच्या त्या दोन बाजू होत्या.

नाताळसाठी मजूरभरती थांबविण्याचा ठराव गोखल्यांनी १९१० साली मंजूर करून घेतला होता आणि १९११च्या जुलैपासून ती बंदही झाली. १९१२च्या अखेरीस ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. गांधीजी त्यांच्याबरोबर सर्वत्र हिंडले. ३ पौंडांचा कर जाईल असे आश्वासन मंत्र्यांनी दिल्याचे गोखल्यांनी मानले. मंत्र्यांनी ते नाकारले, आणि त्यातून १९१३चा सत्याग्रह पेटला. गोखल्यांनी आजारपणातही देशभरातून पैसा उभा करून तिकडे पाठविला. १९१४ साली तो कर गेला.

सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या इस्लिंग्टन कमिशनचे काम अपुरे असतानाच १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले. करारी मजुरांची भरती १९१७ साली थांबली. त्याच वर्षी, ज्या कोल्हापुरात गोखले शिकले तेथे, शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्याच्या नगरपालिकांसाठी तसाच ऐच्छिक सक्तीचा कायदा संमत करून घेतला. १९५०च्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली; ती मुदत टळली. २००२च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. कलकत्त्याच्या सभागृहात १३ विरुद्ध ३८ अशी मते पडल्यास तेव्हा ९८ वर्षे झाली होती.